आईच्या हातचं पहिलं बाळंतपण

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि आईनं त्याची तयारी माझ्या हळदीच्या दिवसापासूनच सुरू केली असावी, असा मला दाट संशय आहे. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी हर्सूलला, सासरी होते. माझं माहेर बिडकीनच्या पुढं. तिकडून आईनं फोनवर पहिला प्रश्न विचारला तो माझ्या तब्येतीचा नव्हता. "डिंक आत्ताच आणून ठिवू का?" सातवा लागला की मला घरी न्यायचं, मागची खोली बाळंतिणीसाठी आवरायची, सगळं तिनं ठरवून टाकलं होतं.

त्याच फोनमध्ये मला तिचा खोकला ऐकू आला. पुढच्या फोनमध्येही. विचारलं की म्हणायची, "रस्त्याचं काम चालू हाय, धूळ लई झालीय." रस्त्याचं काम आटोपलं, खोकला काही आटोपेना. मग मी चिडले. माझा स्वभावच तसा. काळजी वाटली की मला आधी राग येतो. वडिलांना फोन लावून फैलावर घेतलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "सांजच्याला अंग बी तापतं तिचं. पन तुला सांगायचं नाय म्हनलीय."

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासून घ्या, असं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय. आई त्याच भिंतीपाशी भाजी घ्यायची. तिला वाचता येतं. पण तिला धास्ती खोकल्याची नव्हतीच. टीबी निघाला तर लेकीला घरी आणता येणार नाही, बाळंतपण सासरी होईल, आणि आपल्या हातून ते राहून जाईल, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

शेवटी गावच्या आशाताईंनी घरी येऊन तिला बेडक्याच्या तपासणीची डबी दिली. रिपोर्ट आला, त्यात काही नाही. आईनं फोनवर अशी बातमी दिली की जणू निवडणूक जिंकली. मी मात्र भेटायला गेले, तर तिचा ब्लाउज अंगावर लोंबत होता आणि खोकला तस्साच. चहा पिताना मी विचारलं, "तू डबीत दिलंस तरी काय?"

"काय म्हंजे? आधी दात घासले, चांगल्या चुळा भरल्या, इलायची चावली, मंग थुंकले. डॉक्टरच्या हातात घाण द्यावी का?"

माझी आई शेजारणीकडे वाटी पाठवायची तरी घासूनपुसून, वर स्वच्छ फडकं झाकून पाठवते. तपासणीची डबीही तिनं तशीच पाठवली होती. पोट धरून हसले मी. हसता हसता रडू आलं, ते वेगळंच.

दुसरी डबी आणवली, आणि या वेळी मी समोर उभी राहून तिला छातीतून खोकायला लावलं, एक्स-रेही काढून घेतला. टीबी निघाला. आई उठली, आपलं ताट, पेला, वाटी वेगळी काढली, मागच्या खोलीत गेली आणि खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावून बसली.

डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो आजी, भांडी राहू द्या एकत्र. हा रोग हवेतून जातो. तुम्ही पेला वेगळा केला आणि खिडकी लावली, म्हणजे नेमकं उलटं झालं." मग खोकताना तोंडावर रुमाल, घरात मोकळी हवा आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. माझीही झाली. सार्वजनिक आरोग्य हे शब्द मी शाळेत पाठ केले होते, परीक्षेत पाचपैकी चार गुणही मिळवले होते. पण एकाच्या छातीतली गोष्ट सगळ्या घराची असते, हे मला त्या दवाखान्याच्या बाकावर, वडिलांच्या शेजारी बसून कळलं.

आईनं डॉक्टरांना एकच विचारलं. "लेकीचं बाळंतपन करायचंय. तवर बरं व्हईल का?" बाई म्हणाल्या, "गोळी एक दिवसही चुकवू नका. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू, मग सांगते."

त्या गोळ्यांनी लघवी तांबडी होते. वडिलांच्या तोंडात तीळ भिजत नाही; त्यांनी पारावर बसून ही माहिती रंगासकट सांगितली. आईनं दोन दिवस अबोला धरला. पण त्या आठवड्यात पारावरचे दोन जुने खोकलेकरी आपण होऊन आशाताईंकडे गेले, त्यामुळे अबोला आवरता घ्यावा लागला.

दोन महिन्यांनी रिपोर्ट स्वच्छ आला. गोळ्या पुढं चालू, पण बाळंतपणाला हरकत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मग खोलीचा प्रश्न उभा राहिला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आमच्याकडे खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबतात, आणि इथं तर मोकळी हवा हवी. आईनं मोठ्या कष्टी मनानं स्वतःच्या हातानं खिडक्या उघडल्या, आणि सूड म्हणून माझे कान दोन स्कार्फांनी बांधले.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या आंघोळीला आई पाय लांब करून पाटावर बसली. मी बाळ तिच्या पायांवर दिलं. तेल, पाणी, सगळं झरझर चाललं होतं. पण एरवी कोंबड्यांशीसुद्धा बोलणारी बाई गप्प का, म्हणून मी वाकून पाहिलं. ओठ गच्च मिटलेले. मधूनच मान दाराकडे वळवायची, श्वास घ्यायची, पुन्हा बाळाकडे वळून रोखून धरायची.

"आई, श्वास घे!" मी ओरडलेच.

"नगं गं. लेकराला काय झालं तर..."

"डॉक्टर काय म्हणाल्या? तू स्वतः ऐकलंस ना? घे म्हणते ना!"

तिनं बाळाला पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं. जरा घाबरतच त्या ओल्या डोक्यावर नाक टेकवलं, आणि छाती भरून श्वास घेतला. खोकला आला नाही.

"लई गोड वास येतो गं," ती म्हणाली, आणि मग बाळ भुकेनं रडायला लागलं तरी माझ्याकडे देईचना.