हौश्याचं आवतन

काल आमच्याकडे खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. हात अजून पिवळे आहेत... मोबाईलची काचही पिवळी झाली आहे.

उद्या मला जालन्याला दवाखान्यात जायचं आहे. मानेला गाठ आली आहे, ती तपासायची आहे. याआधी दोनदा निघालो, आणि दोन्ही वेळा अंबडलाच एसटीतून उतरून परत आलो. घरी सांगितलं, बाजाराला गेलो होतो...

माझा स्वभावच घाबरट. घरातलं कोणी बाहेर गेलं, की ते परत येईपर्यंत मी ओट्यावर आणि रस्त्यावर येरझाऱ्या घालतो. शाळा सातवीतच सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

काल हळद चोळताना माझी पुतणी वंदना आठवली. गोष्ट जुनी आहे, गावात मोबाईल यायच्या आधीची... पण याच गोठ्यातली, घनसावंगीजवळच्या आमच्या गावातली.

थोरला भाऊ लवकर वारला, म्हणून वहिनी आणि वंदना आमच्यातच राहायच्या. अठरा वर्षांच्या त्या पोरीला रक्ताचा कॅन्सर निघाला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, आवडीचं खाऊ घाला.

घरात ठरलं की तिला काही कळू द्यायचं नाही. अंगात रक्त कमी आहे, एवढंच सांगायचं. सगळे तिच्यासमोर हसायचे आणि चुलीपाशी जाऊन रडायचे...

घरी आल्यावर तिने आपली बाज गोठ्याच्या दारात टाकायला लावली. आत आमचा बैल हौश्या होता. तो पिटुकला असतानाच त्याची आई मेली, आणि वंदनाने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तिच्याशिवाय तो कोणाला जवळ येऊ देत नसे. मला तर त्याने गुडघ्यावर अशी लाथ घातली होती, की मी वैरणसुद्धा लांबूनच फेकायचो.

आणि ही पोर रोज मलाच त्याच्याकडे पाठवायला लागली!

"काका, मागून कशाला जाऊन राह्यले? समोरून जा, आवाज द्या. मागून कुनी हात लावला तर मी बी लाथ मारीन."

"वंदे, त्याचे डोळे बघ जरा. बिलकुल भरोसा न्हाई."

"तो बी तुमच्याबद्दल हेच म्हणत असंल."

वहिनी हसायची. ती हसावी म्हणून मी जायचो... आधी पाण्याची बादली, मग मानेखाली खाजवणं, मग वेसण धरणं. रोज एक नवीन काम. मला वाटायचं, पडून पडून पोर कंटाळली आहे, माझी गंमत करते आहे.

पोळा आला तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. तरी खांदेमळणीला वहिनीच्या आधाराने उठली. हळद-तूप हौश्याच्या खांद्याला चोळलं... मग माझा हात धरून त्या ओल्या खांद्यावर ठेवला.

"हौश्या, आज आवतन घे, उद्या जेवायला ये. अन् पुढच्या साली काका देतील आवतन. हात थरथरंल त्यांचा, पन घे."

वहिनी ओरडली, "असं काय बोलतीस गं? पुढच्या साली तूच देशील की!"

"आई, दवाखान्यातल्या बाया माझ्यासमोरच बोलायच्या. मला सगळं माहीत आहे. आता रडू नको, हळद वाळून राह्यली."

मी एवढंच विचारलं, "मलाच का गं?"

"काका घाबरतेत," ती म्हणाली, "पन कधी कुनावर हात उचलत न्हाईत."

तिचं काय होईल म्हणून मी रात्रंदिवस झुरत होतो. पण तिच्यामागे हौश्याला पाणी कोण दाखवेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिने बाजेवर पडल्या पडल्या ती सोय लावली... आणि त्यासाठी घरातला सगळ्यात भित्रा माणूस निवडला.

दिवाळीच्या आधी वंदना गेली.

पुढच्या पोळ्याला मी हळदीची वाटी घेऊन समोरून गेलो. आवाज दिला, आवतन दिलं. हात थरथरला, तिने सांगितलं होतं तसाच... हौश्या शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

आता हौश्याही नाही, दावणीला दुसरा बैल आहे. काल त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उमगलं, की मानेला ती गाठ आल्यापासून मी तिच्या मागून मागूनच फिरतो आहे...

आज पुरणपोळी खाता खाता मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. सून म्हणाली, "मामा, मी येते सोबत." तेवढं झालं आणि हे लिहायला बसलो.

उद्या सकाळच्या एसटीने निघतो आहे. भीती आहेच... पण या खेपेला अंबडला उतरणार नाही. वंदे, पोरी, समोरून जातो.