दुकानासमोरचं बाकडं
फिनेलचा वास आला की मला खापर गावच्या बाजारातल्या माझ्या शिलाईच्या दुकानाचे सुरुवातीचे दिवस आठवतात. डोंगरातून बाजाराला येणाऱ्या आदिवासी बायांना जीप सुटेपर्यंत उन्हात ताटकळावं लागे, म्हणून मी दारात बाकडं टाकलं, पाण्याचा माठ ठेवला आणि लेकरांना पाजायला आत एक पडदा लावला. शेजारच्या कापडवाल्याला ते खुपायचं. एका बाजाराच्या दिवशी तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन एक बाई तिथे बसली होती. तो बादली घेऊन आला आणि त्याने फिनेलचं पाणी थेट बाकड्यावर ओतलं. तिचं लुगडं भिजलं, मूल किंचाळलं. “हाई दुकान शे का धरमशाळा?” तो ओरडला. बाई उठायला लागली. “उठू नको, बठ,” मी तिला म्हटलं आणि त्याच्या हातातली बादली हिसकावून रस्त्यावर भिरकावली. “ती मन्हं गिऱ्हाईक शे. परत पानी टाकशी तर याद ठेव!” मग त्याने गावभर माझी बदनामी केली आणि ओळखीच्या बायकांनीही माझ्याकडे शिवायला टाकणं बंद केलं. दुकान तगलं ते डोंगरातल्या बायांमुळे. त्या एकमेकींना सांगून पोलकी शिवायला येत राहिल्या. आता तो म्हातारा झालाय, रोज सकाळी शटर उघडताना मला ‘राम राम’ म्हणतो. लोक सांगतात, सगळ्यांवर एवढी माया करतेस, त्यालाही माफ कर. मी मान वर न करता मशीन चालू करते.