अर्धं वाक्य

माझा धाकटा भाऊ तापाने गेला त्याला दोन पावसाळे झाले, पण आमच्या घरात तो रोज सकाळी सहा वाजता बोलायचा. अंगावर काटा आणून घेऊ नका, गोष्ट साधी आहे. आमच्याकडे शेतातल्या पाण्याच्या मोटरीची लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. वडील बऱ्याच वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून शेत आईच बघते आणि तिला वाचता येत नाही. म्हणून भावाने घरच्या संगणकावर एक प्रोग्रॅम लिहिला. तो नेटवरून वेळापत्रक उचलायचा आणि भावाने आपल्या आवाजात भरून ठेवलेले सुटे शब्द जोडून स्पीकरवर सांगायचा, ‘आई, आज लाईट दुपारी बारा वाजता.’ भाऊ गेला, प्रोग्रॅम चालूच राहिला. बंद करू का, असं मी एकदा विचारलं. त्यावर आई माझ्याकडे अशी बघत राहिली की तो विषय मी परत काढला नाही.

यंदा दिवाळीनंतर ते बिघडलं. मी परभणीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवते. आईचा फोन आला, “बाई, त्यो निस्तं ‘आई’ म्हणायलाय. फुडं कायबी न्हाई.” बंद करून चालू कर, असं मी फोनवरच ठोकून दिलं. लॅबमध्ये पोरांना दिवसातून दहा वेळा सांगते तेच.

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, गावी गेले तेव्हा ते स्वतः पाहिलं. आमचं गाव राणीसावरगावच्या बाजूला. सकाळी सहाला स्पीकर खरखरला. भावाचा स्वच्छ आवाज आला, ‘आई’. आणि संपलं. आई समोर पाटावर बसली होती. ती म्हणाली, “काय रे?” आणि वाट बघत राहिली. मी चहा केला, तिचा निवला, तरी ती हलली नाही. शेजारची चुलती हळूच म्हणाली, “रोज असंच करायलीय. मोटरीच्या दोन पाळ्या चुकल्या. हरभरा सुकायलाय, तरी उठंना.”

मला भावाचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले.

येळवसेला आमच्याकडे गावात माणूस राहत नाही. कडब्याच्या कोपीत पूजा होते, सगळे शेतात जेवतात आणि मग ताकात शिजवलेली ज्वारीच्या कण्यांची आंबील निंबाच्या डहाळीने पिकावर शिंपतात. आई म्हणाली, मी येत नाही, त्याचं बोलणं अर्धं राहिलंय. शेवटी मी तिचे हात धरले. “तू जा. दिवस मावळायच्या आत त्याला पुरतं बोलतं करते.” तेव्हा कुठे ती चुलतीबरोबर निघाली. असा शब्द देऊ नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुखणं मला वरवर सोपं दिसत होतं. आवाज जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक भाग खराब झाला होता. तो नव्याने आणायचा तर पॅकेज मॅनेजरला सांगायचं. कोणत्या सॉफ्टवेअरला काय काय लागतं ते बघून सगळं आणून बसवणारा हा संगणकातला कारभारी. मी आज्ञा दिली. सतरा टक्क्यांवर तो कोसळला. परत दिली. या वेळी साठ टक्क्यांवर कोसळला. त्याची जुनी यादी पुसली, साठवण रिकामी केली, अर्धवट बसलेलं काढून टाकलं. मग तो तीन टक्क्यांवरच कोसळला.

बिघाडाला एक सवय असते. तो रोज त्याच उंबऱ्याला ठेचकाळतो, म्हणून तर सापडतो. हा मात्र दर वेळी जागा बदलत होता. मी जिथे बघत होते तिथे सगळं ठीक असायचं. पुढे पुढे यादीत अशी पॅकेजं दिसायला लागली जी जगात कुठेच नाहीत. एक ओळ मी तीनदा वाचली. तिन्ही वेळा ती वेगळी होती.

आणि दर वेळी संगणक परत सुरू केला की भावाचा प्रोग्रॅम आपोआप उठायचा. ‘आई’. मग शांतता.

दुपारचे बारा वाजले असतील. मी दारात येऊन उभी राहिले. पूर्ण गल्लीत कड्या लागलेल्या, माणसांमागे कुत्रीसुद्धा शेताला गेलेली. ऊन लखलखीत आणि कुठे म्हणून आवाज नाही. एवढ्या उजेडात भीती वाटू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. आत स्पीकरची पिन मी काढून ठेवली होती. पण न ऐकण्यात जास्त धास्ती होती. आत तो बोलत असेल आणि मला कळणार नाही, असं वाटायला लागलं. पिन परत लावली. ‘आई’. मी म्हणाले, “आई शेतात गेलीय.” 

मग वास आला. आंबूस, ताक उतू गेल्यावर चुलीपाशी येतो तसा. स्वयंपाकघरात बघितलं. आंबिलीचं मडकं आईने शेतात नेलं होतं, भांडी घासून पालथी होती. वास संगणकाच्या कोपऱ्यातून येत होता. यंत्र तापेल तसा वाढत होता. मी शिकलेली बाई, तरी दोन मिनिटं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. जागा बदलणारा बिघाड सॉफ्टवेअरचा नसतो, मेमरीचा असतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं सकाळपासून चाललं होतं. वायर काढून संगणकाच्या डब्याचं झाकण उघडलं. वरच्या जाळीखाली मेमरीच्या पट्टीवर पांढरट पापुद्रा धरला होता. त्यात ज्वारीच्या कण्या होत्या आणि कडुनिंबाचं एक वाळकं पान. आंबटाने सोनेरी टोकं हिरवी पडली होती. एवढं होऊन ते यंत्र वर्षभर कसं चाललं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

खोडरबराने टोकं घासली, खाचा ब्रशने साफ केल्या, पट्टी परत बसवली. पॅकेज मॅनेजर एकदाही न अडखळता शंभरावर पोचला. संगणक परत सुरू झाला आणि रिकाम्या घरात माझा भाऊ म्हणाला, ‘आई, आज लाईट रात्री दहा वाजता.’ मी जमिनीवर बसून रडले.

दिवस मावळायच्या आधी आई आली. चुलतीने तिला ओट्यापर्यंत आणलं आणि जाताना माझ्या कानाशी म्हणाली, “शेतात घास खाल्ला न्हाई बघ तिनं.” मी प्रोग्रॅम चालवला. आईने पूर्ण वाक्य उभ्याने ऐकलं. “बरं,” म्हणाली. “दहाला लावते मोटर.”

तिच्या हातात मडकं होतं. तळाला थोडी आंबील होती आणि तिच्यात निंबाची डहाळी. ती सरळ संगणकाकडे चालली.

“आई, गेल्या वर्षी तूच ओतलीस ना यात?” माझा आवाज चढला होता.

“वतली न्हाई. शिपली. त्याला शेताला यायला जमंना, मग त्याचा वाटा घरी आणला.”

“त्यानेच बिघडलं ते. आतलं सगळं सडलं. परत शिंपलीस तर कायमचा गप्प होईल तो.”

एवढं कठोर बोलायला नको होतं. आईने मडकं खाली ठेवलं. हात पदराला पुसले, परत पुसले.

“न्हाई शिपत,” ती म्हणाली. “पर मग तू इचार त्याला, जेवला का म्हनावं. तुमचं तुमाला कळतंय.”

मी समजावणार होते. हे यंत्र आहे, तो यात नाही, वगैरे. त्याऐवजी मी भावाची आवाजांची फाईल उघडली. आई. आज. उद्या. लाईट. मोटर. सकाळी, दुपारी, रात्री. एकपासून बारापर्यंत आकडे. वाजता. नाही. सुटेसुटे शब्द, खालपर्यंत पाहिले, परत वर गेले. लाईटीपलीकडचं काहीच त्याने भरून ठेवलं नव्हतं. पंचवीस वर्षांच्या पोराला कशाला सुचेल?

आई माझ्या पाठीशी उभी होती. तिला वाचता येत नव्हतं.

“जेवला म्हणतोय,” मी म्हणाले.

“पोटभर?”

“पोटभर.”

तिने मान हलवली. मग आत जाऊन स्वतःचं ताट वाढून घेतलं.