कसिनो निवडताना राहून गेलेला रकाना

बाळांनो, परवा फोनवर तो फोटो बघून तुम्ही दोघं इतके हसलात की माझं सांगणंच राहिलं. फोटोत मागे नदी आहे, नदीत मजल्यावर मजले चढवलेलं पांढरं जहाज आहे आणि पुढे धोतर, टोपी आणि काळे बूट घातलेले तुमचे आजोबा उभे आहेत. "आजी, तुम्ही दोघं कसिनोत काय करत होतात?" असं धाकटीनं विचारलं आणि फोन कटला. त्याचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतं. जन्मभर मी शाळेत तेच शिकवलं. पण आजोबांचं बोलणं इंग्रजीत घालायला गेले की ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. सावकाश वाचा. आणि आत्ताच लिहायचं कारण म्हणजे रोज संध्याकाळी मी लिहिलेलं पान आजोबांना वाचून दाखवते आणि ते चुका काढतात. चुका काढणारा आहे तोवर लिहून झालेलं बरं.

त्यांच्या डोळ्यांचं तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. दोन्ही डोळ्यांतला मधला भाग झिजत चालला आहे. समोर बघितलं की माणसाचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. दर महिन्याला छत्रपती संभाजीनगरला जाऊन डोळ्यांत इंजेक्शन घ्यावं लागतं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "रोखता येईल तेवढं रोखू. पण काही बघायचं राहिलं असेल तर लवकर बघून घ्या."

परतीच्या वाटेवर गेवराई येईपर्यंत आजोबा गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "ते चाक बघायचं राहिलं."

कुठलं चाक ते मला लगेच कळलं. लग्न होऊन आम्ही बीडला राहायला लागलो तेव्हा दुपारी दोन तास आपलं कापडाचं दुकान बंद असायचं. त्या वेळात मी एक इंग्रजी कादंबरी वाचत असे आणि एकेक पान मराठीत करून आजोबांना सांगत असे. आजोबा शिकले उर्दू आणि मराठीत. त्या कादंबरीत एक जुगारघर होतं. तिथं खाचा पाडलेलं चाक फिरतं, त्यात पांढरा चेंडू सोडतात आणि तो उड्या मारत शेवटी एका खाचेत बसतो. आजोबांनी विचारलं, "बसतो म्हणजे कसा? पट्कन, का दमून?" मला सांगता येईना. मी कुठे पाहिलं होतं? ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तरीणबाई. बघू कवातरी." त्यानंतर दुकान, पोरं, त्यांची लग्नं-मुंजी यात पन्नास वर्षं गेली.

(आजोबा इथे म्हणतात, आपल्या लिंगायतांत मुंजी नसतात, लिंगदीक्षा असते. बरोबर आहे. ओघात लिहून गेले.)

पैशाचा जुगार त्यांनी कधी खेळला नाही, हेही सांगून ठेवते. दिवाळीत पत्ते मांडायचे ते चिंचोक्यांवर, आणि चिंचोके हरले तरी दोन दिवस माझ्याशी धड बोलायचे नाहीत.

पुढचं इंजेक्शन सोळा दिवसांवर होतं. महाराष्ट्रात कसिनो नाही. दमणचं नाव कुणीतरी सांगितलं, पण तिथं नक्की चालू काय आहे ते कळेना. विमानाला डोळ्यांच्या डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, पण आजोबांनीच केली. उरला गोवा, मध्ये कोल्हापूरला मुक्काम करून गाडीनं होण्यासारखा. गाडी चालवणार होते माझे धाकटे दीर, म्हणजे तुमचे माजलगावचे काका-आजोबा. उसाची तोडणी झाल्यामुळे ते मोकळे होते आणि मोकळे असले की ते आमच्याकडे येऊन बसतात.

मी वही काढली. माझ्या वहीला तुम्ही हसता हे मला माहीत आहे. पानावर आठ रकाने आखले: अंतर, पायऱ्या, उजेड, शाकाहारी जेवण, गर्दी, धोतर चालतं का, पूजेला जागा, संडास. आजोबा गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घास घेत नाहीत, त्यामुळे पूजेचा रकाना पहिल्या प्रयत्नातच आला. मग एकेका ठिकाणी फोन केला. इंग्रजीत विचारलं की लोक नीट उत्तर देतात असा माझा अनुभव आहे. धोतर बहुतेकांना चालत होतं, चपला कुणालाच चालत नव्हत्या. उजेडाचं विचारलं की फोनवरची मुलगी प्रश्न पुन्हा विचारायला लावायची. तिला तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसणार.

"वहिनी, पोरीला नवरा बघायलाव का काय?" दीर म्हणाले. आजोबांना ते आप्पा म्हणतात. "इतकी चौकशी तर आप्पाची बी केली न्हवती तुमच्या बापानं."

"म्हणून तर आता करते आहे," मी म्हणाले.

आजोबा हसले. "लिव्ह, ते बी लिव्ह वहीत."

दिरांचा हट्ट जहाजाचा होता. पणजीला नदीत कसिनोची जहाजं उभी असतात आणि किनाऱ्यावरून छोट्या बोटीनं तिथं जायचं असतं. "आमी गावात सांगून आलाव जहाजात जायलाव म्हणून. लई मोठं आस्तंय म्हणं. हाटेल काय, हाटेल बीडात बी हाय."

पण वहीत जहाजाच्या रकान्यांत फुल्याच फुल्या पडल्या. बोटीत चढउतार, जिना, गर्दी. उलट किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कसिनो तळमजल्यावर होता, पायरी एकच, जेवण वेगळं शिजवून मिळणार होतं आणि चाकाला भरपूर उजेड आहे असं त्यांनी छातीठोक सांगितलं. आठही रकान्यांत बरोबरच्या खुणा. मी हॉटेल ठरवलं. दीर दिवसभर रुसले आणि रात्रीच्या जेवणाला थांबले.

निघताना कपिलधारला दर्शन घेतलं. पायऱ्यांवर दिरांनी विचारलं, "देवाला काय सांगू? कुटं चाल्लाव म्हणून?"

"डोळ्याच्या कामाला," आजोबा म्हणाले. शेजाऱ्यांनाही आम्ही तेच सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हॉटेलात पोचलो. पूजा, जेवण, सगळं वहीप्रमाणे. मग त्या खोलीत गेलो. चाक होतं, उजेडही होता. पण चाक काचेच्या मोठ्या घुमटाखाली होतं आणि भोवती खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे टीव्हीसारखा पडदा. पडद्यावर बोट लावायचं की आत चाक आपोआप फिरायचं आणि चेंडू नळीतून सुटायचा. आजोबा खुर्चीवर बसले. मी म्हणाले, लावा बोट. त्यांनी लावलं नाही.

"इथं गल्ल्यावर कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. यंत्रच आहे."

"मग बोहनी कुणाला करायची?"

तुम्ही दुकानात वाढला नाहीत म्हणून सांगते. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे म्हणजे बोहनी. ती कुणाच्या तरी हातून कुणाच्या तरी हातात पडते. घेणारा ती कपाळाला लावतो आणि मग दिवस सुरू होतो. आजोबांनी साठ वर्षं बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ दिलं नाही, आणि स्वतः कुणाच्या दुकानात पहिले गेले तर काही तरी घेतल्याशिवाय बाहेर आले नाहीत. तिथं सकाळपासून कुणी खेळलेलं नव्हतं. खोली स्वच्छ, थंडगार आणि रिकामी.

वर काचेवर दिव्यांची इतकी चमक होती की आजोबांना आतला चेंडूही दिसत नव्हता. ते मला त्यांनी रात्री सांगितलं. तिथं नाही सांगितलं, कारण जागा मी निवडली होती.

मी चौकशी केली तेव्हा काउंटरवरच्या माणसानं सांगितलं की किनाऱ्यावर यंत्रंच असतात, माणसानं हातानं चाक फिरवलेलं बघायचं तर जहाजावर जायला पाहिजे. शाळेत असताना मी मुलींना सांगायचे, प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रश्न मला पाठ होता आणि तरी वहीत मी आठ रकाने भरून बसले. चाक फिरवायला माणूस आहे का, हा रकानाच नव्हता.

हाताशी एकच दिवस उरला होता. परवा निघालो नाही तर इंजेक्शन चुकलं असतं.

दीर फक्त म्हणाले, "वहिनी, उद्या वही हाटेलातच ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीत बसलो. धक्का आणि बोट यांच्यामधली फट आजोबांना दिसेना. दिरांनी खाली बसून त्यांचं बूट घातलेलं पाऊल दोन्ही हातांनी उचलून बोटीत ठेवलं. "आप्पा, लग्नात बी तुमी बूट घातले न्हाईत बे," असं म्हणाले आणि मोठ्या भावाला चुकून 'बे' म्हटलं म्हणून जीभ चावली. आजोबा इतके हसले की बोटवाला बघत राहिला.

जहाजावर त्या वेळी गर्दी नव्हती. चाकाच्या टेबलामागे काळं जाकीट घातलेली एक मुलगी उभी होती आणि पुढे कुणीच नव्हतं. आजोबांनी तिला हिंदीत विचारलं, "बेटी, बोहनी हुई?"

ती आधी गोंधळली. मग मान हलवून म्हणाली, "नहीं दादाजी. आप ही पहले हो."

तिकिटाबरोबर मिळालेल्या चिपांतली, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्यांतली, एक त्यांनी तिच्यापुढे ठेवली. आकडा कुठला, तिनं विचारलं. "तेरी मर्जी." तसं चालत नाही म्हणाली, तेव्हा त्यांनी चाचपत एका चौकोनावर चिप सरकवली. तिनं चाक फिरवलं आणि चेंडू उलट्या दिशेनं सोडला. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगायला लागले, आता कडेनं पळतोय, आता खाली उतरतोय, जसं ती कादंबरी सांगायचे तसं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "गप बसा मास्तरीणबाई. मला बघू द्या."

त्यांनी मान पार डावीकडे वळवली, जणू भिंतीकडे बघताहेत, आणि उजव्या डोळ्याचा कोपरा चाकावर ठेवला. चेंडू खाचांवर आपटत दोनदा वर उडाला. मी बोलायच्या आधी ते म्हणाले, "बसला."

"कसा बसला?" मी विचारलं.

"आदी लई नाचला. मग एकदम. दमून न्हाई, पट्कन."

आकडा त्यांना वाचता आला नाही, तो मी वाचला. आपली चिप गेली होती. मुलगी दिलगिरीनं बघायला लागली तर आजोबांनी तिला हात जोडले आणि म्हणाले, "हो गई बोहनी." तिनं ती चिप उचलली, क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच कपाळाला लावून पेटीत टाकली. बाकीच्या चिपांवर दीर तासभर खेळले. माजलगावला काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

फोटो त्यानंतर धक्क्यावर काढला. इंजेक्शन वेळेवर झालं.

घरी आल्यावर मी वहीत नववा रकाना आखला आणि वर 'माणूस' असं लिहिलं. पुन्हा कुठल्या कसिनोत जायचं आहे असं नाही. पान अपुरं राहिलेलं मला चालत नाही, एवढंच. डावा डोळा आता जवळजवळ गेला आहे. उजव्याच्या कडेनं त्यांना अजून दिसतं.