खड्ड्यात उतरणारी मुलगी

इंदूरला चित्रकलेच्या कॉलेजात माझा नंबर लागला आणि त्याच आठवड्यात बाबांनी सांगून टाकलं, आता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. वर्गातल्या एका मुलाच्या गाडीवर मागे बसलेलं मला कुणीतरी पाहिलं होतं. आमच्या लोधीपुऱ्यात तेवढं पुरतं.

मग मी घरात बसून चित्र काढायला घेतलं. जुन्या रोममधला प्रसंग. देवीच्या अग्नीची राखण करणाऱ्या मुलीने कौमार्याचं व्रत मोडलं असं ठरलं, की तिला जमिनीखालच्या खोलीत उतरवत. सोबत दिवा, भाकरी, पाणी, थोडं दूध. वरून माती. म्हणजे मारलं असं कुणी म्हणायला नको! मला वाटलं, हे बघून तरी घरच्यांना लाज वाटेल.

माणसं समोर हवीत म्हणून घरच्यांनाच उभं केलं. हौसेने उभे राहिले मेले. भावाने शिडी धरली आणि सारखा केसांवरून हात फिरवत बसला. बाबा फावडं घेऊन आले. निंबोल्याच्या शेतात केळीसाठी खड्डे करण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यांना चित्रातला माझा खड्डा पसंत पडेना.

“उथळ काढला तू गड्ढा. इतक्यात माणूस मावतो का? अजून खोल घे.”

मी खोल घेतला.

आईच्या हातात भाकरीचं ताट दिलं होतं. “भाकर उघडी नको काढू बाई, झाकून टाक,” ती म्हणाली. मी तीही झाकली. मुलीचा चेहरा मात्र आरशात बघून काढला, आंधळ्यालाही ओळखू येईल असा.

चित्र बैठकीत लागलं. शाहपूरची माणसं मला बघायला आली तेव्हा बाबांनी मोठ्या तोऱ्यात समजावलं, “रोमचा इतिहास आहे हा. पोरीने व्रत तोडलं, तर तिला जिंदा गाडून राहिले. हा फावडेवाला मी!”

सगळे हसले. मुलाची आई एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, “एकदम हुबेहूब. रांगोळी अच्छी काढत असेल पोरगी.” त्या बाईचं थोबाड रंगवावं असं मला वाटलं. लग्न ठरलं.

पाठवणीला आईने रडत रडत माझ्या मांडीवर शिदोरी ठेवली, वरून फडकं नीट खोचलं, पाण्याची बाटली दिली. बाबांनी गाडीचं दार लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा उघडून जोरात लावलं.