समोरच्या दुकानात जा

जुन्या जालन्यात माझी दाढी करणारा माणूस कमी बोलायचा. त्यानं बोटानं हनुवटी ढकलली की आपण मान वळवायची. त्या वर्षी तो माझी मान वळवेनासा झाला, स्वतःच खुर्चीभोवती फिरू लागला. कारण विचारल्यावर त्यानं औरंगाबादहून आणलेली एमआरआयची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. मेंदूत तांदळाएवढा पांढरा ठिपका होता.

"डोळा वळवायची नस खराब झाली म्हन्ले डॉक्टर. बाजूला पाह्यलं की दोन-दोन दिसतंय. समोरचं बराबर दिसतं, म्हनून मीच फिरून समोर येतो, सर."

पुढच्या रविवारी त्यानं माझ्या गालांना साबण लावला, वस्तरा उघडला, गळ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि वस्तरा मिटला.

"समोरच्या दुकानात जा, सर. आता समोरचंबी दोन दिसून राह्यलं."

तोंडावर फेस घेऊन मी रस्ता ओलांडला. ऐन रविवारी, मागं शटर ओढल्याचा आवाज आला.