बांधावरची पिवळी रेघ

पाबळच्या आसपास बांधावरून भांडण नाही असं एक घर दाखवा, मी नोकरी सोडते. आमच्याकडं तर सख्खे भाऊच भांडत होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की तात्यानं दर पेरणीला नांगर घालून बांध आमच्या वावरात ढकललाय. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, नेमकं हेच आप्पांबद्दल सांगायचे. मी कॉलेजात असल्यापासून दोघांचं बोलणं बंद. विहीर मात्र सामाईक. त्यामुळे मोटर कधी चालू करायची ते आप्पा मोठ्यानं म्हशीला सांगायचे आणि भिंतीपलीकडून तात्या ऐकायचे. लायटीचं वेळापत्रक माझ्यापेक्षा म्हशीला जास्त पाठ होतं.

त्यातच माझं लग्न ठरलं. तात्यांनी आईकडं निरोप धाडला, बांधाचा निकाल लागल्याशिवाय मांडवात पाय ठेवणार नाही. मला काही ते सहन होईना. मला सायकल शिकवली ती याच माणसानं. तो मांडवात नसेल तर कसलं डोंबलाचं लग्न!

मी पुण्यात नकाशांच्या कंपनीत आहे. जमीनमोजणीचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर उपग्रहाच्या फोटोवर बसवायचे, हेच माझं दिवसभराचं काम. म्हटलं, एकदा घरचंही करून टाकू. शिवेचा दगड, जुनी विहीर, ओढ्यावरचा पूल अशा न हललेल्या जागा जुळवल्या, नकाशा फोटोवर बसवला आणि सगळं टीव्हीवर लावलं. आई म्हणाली, कशाला गं उगाच खपली काढतीस. मी कुठली ऐकतेय! तात्यांनाही बोलावलं. ते आले, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

नकाशातली आमच्या हद्दीची पिवळी रेघ फोटोतल्या बांधावर बरोब्बर बसली. म्हणजे कुणीच कुणाचं इंचभर खाल्लं नव्हतं. मी आनंदानं तसं सांगितलं. वाटलं, आता दोघं गळ्यात पडतील. कसचं काय! दोघांचीही तोंडं खर्रकन उतरली. इतकी वर्षं आपण उगाच भांडलो, हे काही कुणाच्या घशाखाली उतरेना.

आप्पा म्हणाले, फोटोच जुना असंल. तेवढ्यात तात्या उंबरा ओलांडून आत आले, टीव्हीला नाक लावून बघितलं आणि थेट आप्पांकडं वळले.

"दादा, ह्या कंपूटरचं काय खरं न्हाई."

"व्हय रं," आप्पा म्हणाले. "आन् ह्याचाच पगार देत्यात हिला."

आई डोळे पुसत चहा टाकायला पळाली. माझा मात्र संताप संताप झाला. माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं दोघांनी मिळून चहाबरोबर पिऊन टाकलं.

सकाळी उठून दोघं दोरी घेऊन विहिरीपासून बांधापर्यंत मापायला गेले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. जेवायची वेळ टळली तरी मापतच होते. माप माझ्या रेघेबरहुकूम निघालं. घरी येऊन दोघांनी एकमतानं जाहीर केलं की दोरी ताणली गेली असणार.

लग्नात तात्या फेटा बांधून आप्पांच्या शेजारी मांडवाच्या तोंडाशी उभे होते. येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "पोरगी लई गुणाची हाय. फकस्त नकाशाचं काय इचारू नका." आणि आप्पा मान डोलावत होते. मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून घेत सगळं ऐकत होते. म्हटलं, म्हणा काय म्हणायचं ते. दोघं एका जागी उभे आहात ना, मग झालं.